अकरा ॲडमिन

१

दिव्यानी गेली तेव्हा तिच्या नवऱ्याजवळ पाच रक्तदात्यांचे फोन नंबर होते आणि पाचही कुचकामी. नंबर लागत होते, माणसं खरी होती, पण रक्त भलतंच. पोरीला हवं होतं ओ निगेटिव्ह, आणि ज्याला फोन लावावा तो म्हणे, "माझं तं बी पॉझिटिव्ह आहे जी." २००९चा मे महिना, चंद्रपूरचं ऊन, रक्तपेढीत त्या गटाची एक पिशवी नाही. बाळंतपणात रक्त वाहत राहिलं. जिवतीहून आणलेली ती पोरगी दिवस मावळायच्या आत संपली. लेकरू तेवढं वाचलं.

ते नंबर आले होते 'रक्तमैत्री' नावाच्या वेबसाइटवरून. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या रक्तदात्यांची नावं तिच्यात भरलेली. रक्तगट निवडा, तालुका निवडा, बटन दाबा, नावं समोर. चालवणारी एक समिती, तिचे अकरा पदाधिकारी.

मी मनकर्णा डोंगरे. विमा कंपनीत दावे तपासण्यात जन्म गेला. मेलेली म्हैस विम्याचीच आहे की शेजाऱ्याची, ट्रक जळला की जाळला, हे पाहायचं माझं काम. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच चालायची सवय लागली. रिटायर झाले तरी ती सुटत नाही, आणि त्यामुळे माझे नातेवाईक कमी आहेत.

समितीचे अध्यक्ष लच्छूभाऊ उरकुडे माझ्या दारात आले. कोळशाच्या गाड्यांचा धंदा. त्यांचे दोन जळके ट्रक माझ्या हाताखालून गेलेले, एक मंजूर, एक नामंजूर. तेव्हापासून माणूस मला जरा वचकून असतो.

"बाई, काम सोपं आहे," बसल्या बसल्या म्हणाले. "कोणं केलं ते आमाले मालूम आहे. तुमी फक्त तपासणी करून लिहून द्या."

"मालूम आहे तं मले काऊन बोलावता?"

"तुमचं नाव आहे न जी. तुमी म्हणल्यावर पोलीसबी ऐकते."

कोणं केलं? तर जिशान शेख, भद्रावतीचा. मुळात ही साइट त्यानंच बनवली, दोन वर्षं फुकट चालवली. महाराष्ट्र दिनाला समितीनं नागपूरहून नवी देखणी साइट बनवून आणली, थाटात लोकार्पण केलं आणि जिशानला बाजूला सारलं. त्या रागानं त्यानं आत शिरून नावं फिरवली आणि पोरगी मेल्यावर परत जागेवर लावली, असा समितीचा हिशेब. सोमवारी पोलिसात तक्रार जाणार होती.

"पुरावा?"

"त्या दिवशी दुपारी तो साइटच्या आत गेल्ता. तशी नोंदच आहे तिच्यात." लच्छूभाऊंनी आवाज उतरवला. "आनं बाई, पोरं तापून राह्यले गावात. मरणारी आपली, आनं याचं नाव शेख. तुमाले समजते."

समजलं ना, चांगलंच समजलं. सोमवारपर्यंत खरं सापडलं नाही, तर हा जिशान आधी जमावाच्या हातात सापडणार होता आणि उरला तर पोलिसांच्या.

२

भद्रावतीला बसनं गेले. आयुध निर्माणीच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिशानचा कॉम्प्युटर क्लास. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. आत तो आणि त्याची आई शमीमबाई, दोघंच. माणूस तिशीचा, शिकलेला, चेहऱ्यावरचं पाणी पळालेलं.

"गेल्तो का आत?" मी सरळच विचारलं.

"गेल्तो बाई. एकाचा फोन आला का साइट भलतंच दाखवून राह्यली. मी पासवर्ड टाकला, आत गेलो, ओ निगेटिव्ह दाबून पाह्यलं. चार नावं आले, चारही बरोबर. वाटलं, दाबणाऱ्याचीच चूक असन. निघालो बाहेर."

"तुले काढलं, तं पासवर्ड कसा राह्यला तुझ्याजवळ?"

"कोणं बदललाच नाई."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. जित्या म्हशीचा विम्याच्या बिल्ल्याचा कान कापून आणून ती मेली म्हणणारे पण असेच डोळ्यांत डोळे घालून बोलतात. म्हणून दुसरीकडून शिरले. "तुझ्या साइटीले समितीवाले भुंडी म्हणत होते म्हणे."

तो कडू हसला. "होतीच भुंडी. बाई, थीम मंजे ट्रकची बॉडी समजा. चेसिस तीच राह्यते, वरून बॉडी कोणती चढवाची ते आपल्यावर. आनं प्लगइन मंजे मागून बसवलेलं सामान. माझं सामान एकच, नावं शोधून देणारं. म्हणून मी पाह्यल्या तेवढ्यात सगळ्यात हलकी थीम घेतली. पांढरं पान, एक खिडकी, एक बटन. जिवतीत, सिरोंच्यात फोनच्या तारेवर नेट चालते न जी. पान जड केलं का उघडत नाई. आनं नटव्या थीममधी तिचंच एवढं सामान राह्यते का आपल्या सामानाशी भांडते."

हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ट्रकला मोत्याच्या झालरी, दहा जास्तीचे दिवे, दोन हॉर्न, सगळं एकाच वायरवर. मग रस्त्यातच पेटला की विमा कंपनीच्या नावानं बोंब. असे किती ट्रक मी पाहिले.

"मंग समितीले का पाह्यजे होतं?"

"फोटो. अकराही जणाचे. फलकावर असते तसे, मोठे, एकामागून एक सरकणारे. मी म्हणलं, माह्या थीममधी ते बसत नाई. तं म्हणे, तुले जमत नाई असं सांग."

उठले. शमीमबाई दारापर्यंत आली आणि माझं मनगट धरलं. हात थंडगार.

"एक सांगू का बाई? त्या चार नावांत पह्यलं नाव कोणाचं आहे ते पाह्यलं का तुमी?"

"कोणाचं?"

"याचंच. माझ्या पोराचं रक्त ओ निगेटिव्ह आहे जी. दिवसभर फोन उशाशी घेऊन होता. वाजलाच नाई."

३

दिव्यानीचा नवरा निकेश चंद्रपुरातच, बाबूपेठेत बहिणीकडे थांबला होता. जिवतीकडचा कापूस-सोयाबीनवाला शेतकरी, बी.ए. झालेला. आत लेकरू रडत होतं आणि बहीण त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजत होती. मला पाहताच तो म्हणाला, "त्या शेखचं नाव लिहून टाका बाई. नाई तं मी आहो आनं तो आहे."

"लिहिन. पण आधी मले पहिलेपासून सांग. काही गाळू नोको."

दवाखान्यासमोरच्या सायबर कॅफेत तो पळत गेला होता. साइट उघडली.

"वेळ लागला?"

"नाई. चटकन उघडली."

"दाबलं का?"

"ओ निगेटिव्ह. तालुका सगळे. पाच नावं आले, पाचही भद्रावती तालुक्याचे. मले वाटलं, चला, जवळचेच आहेत." त्यानं खिशातून नंबरांचा कागद काढला. "एकेकाले फोन करत गेलो. सारे म्हणे बी पॉझिटिव्ह."

"नावापुढं गट लिहून नव्हता?"

"नाई जी. नाव आनं नंबर. बाजूच्या जागेत तं साहेब लोकांचे फोटो सरकत होते."

जिशाननं मला त्याची जुनी साइट कागदावर छापलेली दाखवली होती. तिच्यात प्रत्येक नावापुढं गट होता.

"मंग?"

"मंग साइटीवर वासेकर सरचा नंबर होता, समितीच्या सचिवाचा. त्याइले लावला. म्हणलं सर, सारे चुकीचे दाखवून राह्यली. तं म्हणे, मी आता साइट समोर उघडूनच बसलो आहे, अगदी बरोबर दाखवते आहे. तुम्ही नीट दाबा. मी फोन कानाले लावूनच पुन्हा दाबलं. पुन्हा तेच पाच. ते म्हणे, मले तर इथे बरोबर चार दिसतात, तुमच्याच हातून चूक होत असेल. आनं ठेवला फोन. मी दाबतच राह्यलो बाई. एवढं शिकून मले एक बटन दाबता येत नाई, असंच वाटून राह्यलं."

मी जागेवरून उठले आणि परत बसले. बाप्पा! एकाच वेळी, एकच साइट. कॅफेतल्या निकेशला पाच चुकीचे दिसतात आणि घरी बसलेल्या वासेकरला चार बरोबर. जिशाननं आत शिरून नावं फिरवली असती तर दोघांनाही फिरलेलीच दिसली असती. ट्रक पुढून जळला आणि मागून कोरा राहिला, असं मी आजवर ऐकलं नव्हतं.

म्हणजे नावं कोणी फिरवलीच नव्हती. मग निकेशला दिसलं ते काय होतं?

४

प्राध्यापक वासेकरांचं घर चंद्रपूरच्या तुकूम भागात. कूलरची हवा, भिंतीवर सत्काराच्या ट्रॉफ्या, मेजावर कॉम्प्युटर. माणूस मऊ बोलणारा. समितीत कॉम्प्युटर समजणारे तेवढेच, म्हणून साइटचं सगळं त्यांच्याकडे.

"दाखवा बरं मले तुमची साइट," मी म्हटलं.

त्यांनी बटन दाबलं. आम्ही बसलो. वहिनींनी चहा आणला, आम्ही तो प्यायलो, तरी वरून लच्छूभाऊंचं अर्धंच तोंड उतरलं होतं. मग बाकीचे दहा एकामागून एक सरकत आले. कोषाध्यक्ष इनायतभाई फर्निचरवाले टोपी घालून, वासेकर सर स्वतः कोटात. शोधायची खिडकी सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात.

"वेळ लागते," मी म्हटलं.

"हळू चालते जरा, पण बरोबर दाखवते ना," ते पटकन म्हणाले. "ते महत्त्वाचं." आणि ओ निगेटिव्ह दाबून दाखवलं. चार नावं. पहिलं जिशान शेख, भद्रावती.

"पासवर्ड नाई टाकावा लागला तुमाले?"

"मी आतच असतो नेहमी. बाहेर निघतच नाही. ॲडमिन आहे ना."

"ॲडमिन मंजे?"

"आतला कारभारी. सगळे अधिकार असलेला. तसे अकराही जण ॲडमिन आहेत." ते थोडे ओशाळले. "खरं तर एकच पुरतो. पण एकाला दिलं की दुसऱ्याचा मान जातो. म्हणून लोकार्पणाला स्टेजवरच प्रत्येकाला नारळ, शाल आणि पासवर्डचं पाकीट दिलं. ज्याच्या त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर मीच जाऊन चालू करून दिलं, म्हणजे कोणाला टाईप करायची कटकट नको."

मानपानात आम्हा लोकांचा हात कोणी धरणार नाही. लग्नात एका व्याह्याला टोपी दिली की सतरा टोप्या आणाव्या लागतात, तसेच अकरा ॲडमिन.

"त्या दिवशी निकेशचा फोन आल्ता न तुमाले?"

"आला होता. खेड्यातली माणसं, घाबरलेली असतात, भलतंच काहीतरी दाबतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण मूळ पाप जिशानचं. त्याने आत शिरून केलं."

"तुमाले तं त्या वेळीबी बरोबरच दिसत होतं."

चष्मा पुसणारा हात थांबला. "मग... त्याने तेवढ्यापुरतं केलं असेल. या गोष्टी फार तांत्रिक असतात, बाई."

पायऱ्या उतरताना मनात काहीतरी टोचत होतं. या माणसानं आत्ता काहीतरी जास्तीचं सांगितलं होतं. काय, ते मला पकडता येत नव्हतं, आणि सोमवार तोंडावर आला होता.

५

खोटं पकडायचं तर खोट्या माणसाला विचारत बसू नये, ज्यांना खोटं बोलायचं कारणच नाही त्यांना विचारावं. निकेशकडून पाचही नंबर घेतले आणि पहिल्याला गाठलं. इसरू मोहुर्ले, भद्रावतीजवळचा भाजीवाला.

"हो जी, तो पोट्टा फोनवर रडत होता. म्हणे रक्त द्या. म्हणलं माझं बी पॉझिटिव्ह, बाप्पा, तुले ओ लागते." मग सहज म्हणाला, "त्या दिवशी सकाळी एकाले बी लागत होतं, त्याचाबी फोन आल्ता. त्याचं झालं काम, दुसऱ्यानं देल्लं."

माझे कान उभे राहिले. बाकीच्या चौघांना फोन लावले. चौघांनाही सकाळी तोच फोन आलेला. एका माणसाच्या बापाचं ऑपरेशन होतं, त्याला बी पॉझिटिव्ह हवं होतं, भद्रावती तालुक्यातलं. त्यानं कॅफेतून साइट उघडली, दाबलं, हीच पाच नावं मिळाली.

म्हणजे निकेशच्या पुढ्यात आली ती त्याच्या बायकोसाठी शोधलेली नावं नव्हतीच. सकाळच्या माणसाचंच उरलेलं ताट दुपारी त्याच्या पुढं सरकवलं होतं.

मी तशीच जिशानच्या क्लासवर गेले आणि हे सांगितलं. तो खुर्चीवरून उठला, कपाळावर हात मारून घेतला.

"साठवणीचं प्लगइन! या अल्ला... बाई, थीम एवढी जड का पान उघडतच नसन. म्हणून नागपूरवाल्यानं साठवणीचं प्लगइन टाकलं असन. ते का करते, एकानं पान उघडलं का त्याची नक्कल ठेवून घेते, आनं मागून येणाऱ्याले ताजं बनवून न देता तीच नक्कल देते. चटकन उघडते मंग. बातम्यांच्या साइटीले चालते ते. पण आपलं शोधाचं प्लगइन दर वेळी येगळं उत्तर देते. दोघाचं जमतच नाई. सकाळचं उत्तर साठवलं, आनं दिवसभर येईल त्याले तेच देल्लं."

"मंग वासेकरले बरोबर कसं दिसलं? तुले कसं दिसलं?"

तो परत खुर्चीत बसला. "जो आत आहे त्याले नक्कल देत नाई ते. ताजंच देते. नक्कल फक्त बाहेरच्याले."

"आनं समितीतले अकराही..."

"आतच. मीबी आत जाऊनच पाह्यलं." त्याचे डोळे भरून आले. "बाहेरून कोणंच पाह्यलं नाई बाई. ज्याले रक्त पाह्यजे तोच फक्त बाहेर उभा होता."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, दाखव मला आत्ता. त्यानं आतून बाहेर निघून, परक्यासारखी साइट उघडली. पंधरावीस मिनिटं आम्ही पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. बी दाबलं तर बी आलं, ओ दाबलं तर ओ. सगळं बरोबर, फक्त पान उघडता उघडत नव्हतं.

"आता तं बरोबर आहे," मी हताश झाले. "कोण विश्वास ठेवते आपल्यावर?"

"बरोबर आहे कारण ते प्लगइन कोणीतरी बंद केलं. म्हणूनच एवढी हळू झाली. त्या दिवशी निकेशले चटकन उघडली होती न?"

तेव्हा मनात टोचणारं ते वाक्य वर आलं. 'हळू चालते जरा, पण बरोबर दाखवते ना.' हळू चालण्याचा आणि बरोबर दाखवण्याचा संबंध आहे, हे त्या घटकेला जगात एकाच माणसाला माहीत असणार होतं. ज्यानं ते बंद केलं, त्यालाच.

मी जिशानच्या फोनवरून नागपूरला फोन लावला.

६

रविवारी दुपारी लच्छूभाऊंच्या ऑफिसात बैठक. लच्छूभाऊ, इनायतभाई, वासेकर आणि आणखी दोघंतिघं. जिशानला मीच आणलं होतं आणि निकेशलाही. निकेश त्याच्यापासून दूर, दाराशी उभा, मुठी आवळून.

मी सगळं सांगितलं. सकाळचा माणूस, साठवलेलं उत्तर, आतले आणि बाहेरचे. सांगून झाल्यावर वासेकरांकडे वळले.

"सर, नागपूरवाल्यानं लोकार्पणाच्या आधीच तुमाले सांगतलं होतं. ही थीम आनं तुमचं शोधाचं प्लगइन एकत्र नांदत नाई. फोटो काढा नाई तं हलकी थीम घ्या. तुमी का म्हणले? आधी लोकार्पण होऊ द्या, मग पाहू. आनं दिव्यानी गेली त्या संध्याकाळी तुमीच त्याले फोन केला, साठवणीचं प्लगइन कसं बंद कराचं म्हणून. तो तोंडावर सांगाले तयार आहे."

वासेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं नव्हतं... इतकं होईल असं..."

"संध्याकाळी समजलं होतं न तुमाले? मंग दुसऱ्या दिवशी जिशानचं नाव कोणं घेतलं?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. चोर घरी कूलरच्या हवेत चष्मा पुसत बसला होता.

निकेश पुढे आला. मला वाटलं, मारतो आता. पण तो फक्त वाकून वासेकरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. "सर, तुमच्या समोर चार नावं होते न? बरोबरचे?"

"...होती."

"माझा फोन कानालेच होता तुमच्या. तुमी ते वाचून काऊन नाई दाखवले?"

वासेकर म्हणाले, "सुचलं नाही."

मी तर म्हणते सुचलं असेल. पहिलंच नाव जिशान शेखचं होतं, आणि ज्याला हाकललं त्याचंच नाव वाचायला जीभ वळली नसेल. पण हे विमा कंपनीत सिद्ध करता येत नाही, कुठेच येत नाही.

निकेश वळला आणि पहिल्यांदा जिशानकडे पाहिलं. "तुमचं रक्त ओ निगेटिव्ह आहे?"

जिशाननं मान डोलावली.

"आले असते तुमी?"

"मोटरसायकल आहे माझ्याजवळ," जिशान म्हणाला. निकेश खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मला वाटलं, झालं. खरं बाहेर आलं, आता निदान लाजेखातर तरी हे लोक हात जोडतील. साठी गाठूनही मी अशी भाबडी.

लच्छूभाऊंनी घसा खाकरला. "तक्रार काई देत नाई आपण. पण पेपरवाले विचारतीन, का झालं. वासेकर सरचं नाव आलं तं समिती मोडते. आनं समिती मोडली का साइट बंद. तं मी म्हणतो, असं छापू का जुन्या चालकाच्या हातून काई तांत्रिक चूक झाली, आनं समितीनं मोठ्या मनानं त्याले माफ केलं."

"शरम नाई वाटत?" मी ओरडलेच. "माफ? त्यानं केलं का, तुमी माफ कराले?"

इनायतभाईंनी जिशानच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, मान जा. बात बढ़ी तो मोहल्ले पे आएगी. माफी में छूट रहा है, छूट जा."

जिशान लच्छूभाऊंना म्हणाला, "थीम कोणती राह्यते?"

"का?"

"माफी चालते मले. पण जुनी थीम आताच्या आता टाकतो, इथीच बसून. फोटो सारे निघतीन. नावापुढं गट दिसन. ॲडमिन एकच राहीन, आनं त्यानं रोज बाहेरून पान उघडून पाहाचं."

"जिशान, येडा झाला का तू?" मी म्हटलं.

"बाई, आजबी जिवतीत कोणी दाबून राह्यलं असन. एवढं जड पान तिथी उघडतच नाई. मी इज्जतीसाठी कोर्टात भांडत बसलो, तं तवरक हे असंच राहीन."

लच्छूभाऊंनी इनायतभाईंकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे. "सारे फोटो? अध्यक्षाचा एक... लहानसा? कोपऱ्यात?"

"एकबी नाई."

"कर," लच्छूभाऊ म्हणाले.

जिशाननं खुर्ची ओढली आणि कामाला लागला. पहिले लच्छूभाऊंचा फोटो गेला, मग इनायतभाईंचा, मग बाकीचे एकेक. वासेकर आपलं तोंड पडद्यावरून पुसलं जाईपर्यंत बसून होते.

७

समितीची बातमी पेपरात आली तशीच आली. 'मोठ्या मनाने माफ' हे शब्द ठळक अक्षरात होते. मी खरं काय ते चार पानं लिहून त्याच पेपरच्या संपादकाकडे गेले. त्यांनी वाचलं, हळहळले, दोनदा 'अरेरे' म्हणाले आणि पानं परत दिली. त्या दिवशीच्या अंकात खालची अर्धी जागा उरकुडे ट्रान्सपोर्टच्या जाहिरातीनं भरली होती. दुसरा पेपर म्हणाला, पुरावा म्हणून नागपूरवाल्याला आणा. नागपूरवाला आता फोन उचलत नव्हता. निकेश माझ्यासोबत दोन्हीकडे आला, सगळं बोलला. त्याचं ऐकून घेतलं, छापलं कोणीच नाही.

साइट मात्र चालते. पांढरं पान, एक खिडकी, एक बटन. सिरोंच्याच्या एका बाईला मागच्या आठवड्यात तिच्यावरून रक्त मिळालं, असं ऐकलं.

जिशानच्या क्लासात पोरं पाठवायला कोणी तयार होईना. 'पोरगी मारली आणि माफीवर सुटला,' असं लोक चहाच्या टपरीवर बोलत. तो नोकरी धरून हैदराबादला गेला. मी भेटायला गेले तेव्हा शमीमबाई क्लास रिकामा करत होती. खुर्च्या विकून झाल्या होत्या, पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती.

"बसाले काई नाई बाई," ती म्हणाली.

"राहू द्या."

ओढणीनं तोंड पुसून ती माझ्यासमोर उभी राहिली. "सारे म्हणतेत, समितीनं मोठ्या मनानं माफ केलं. शेजारीण म्हणते, नशीब समज. तुमी तपास केला न जी, तं तुमी सांगा. माझ्या पोरानं केलं का होतं?"

"काही नाही. काहीच नाही केलं त्यानं."

"मंग माफी कायची देल्ली?"

जन्मभर लोकांना प्रश्न विचारून भंडावणारी मी; मी वाकून ती पाटी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. तिनं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली द्यायला घरमालकाच्या दाराकडे निघाली.